निरोप येत होता, दार तू लावलं होतंस

बसू नकोस. आधी उभ्या उभ्या तीन प्रश्नांची उत्तरं दे. दरेकसाच्या केंद्रापासून तुझ्या सर्व्हरपर्यंतच्या वाटेत सगळ्यांत अरुंद जागा कुठे आहे? तिथून जास्तीत जास्त किती बाइटचं पॅकेट जातं? आणि हे तू कोणत्या दिवशी मोजलंस?

गप्प आहेस. मोजलंच नाहीस, तर सांगणार काय? आणि न मोजता अकरा दिवस तू त्या सर्व्हरचे आकडे बदलत बसलास. त्या अकरा दिवसांत दरेकसाच्या केंद्रात माणसं येऊन रिकाम्या हातानं परत गेली. डोंगराकडच्या एका टोल्यावरून एक म्हातारी नातवाच्या दाखल्यासाठी तीनदा पायी आली. रोवणीचे दिवस, पऱ्हे बांधीत उभे, आणि बाई मजुरी बुडवून तुझ्या पीडीएफची वाट बघत बसली. केंद्रातल्या पोरीनं तुला फोन केला, तेव्हा तू काय म्हणालास? "तिकडे जंगल आहे, लाईनच तशी आहे." हे वाक्य माझ्या कानावर आलं, म्हणून आज तुला बोलावलं. सर्व्हर बिघडला असता तर मी रागावलो नसतो. मला राग त्या वाक्याचा आला आहे.

आता तू काय काय केलंस ते मी सांगतो. चुकत असेन तर मध्ये बोल.

केंद्रातून तक्रार आली: लॉगिन होतं, एका ओळीचं उत्तर येतं, पण दाखल्याची फाईल येत नाही, चकती फिरत राहते. तू पिंग करून पाहिलास. उत्तर आलं. टर्मिनलवरून शिरलास, शिरता आलं. लांबलचक यादी मागवलीस आणि पडदा गोठला. अरे, एवढ्यावर रोग ओळखता यायला हवा होता! छोटं जातं आणि मोठं अडकतं, तेही दर वेळी, न चुकता. खराब लाईन असं वागत नाही. खराब लाईन छोटं पॅकेटही गाळते आणि मोठंही गाळते, कधी जाऊ देते, कधी नाही. फक्त मोठंच अडकत असेल तर वाटेत कुठेतरी अरुंद दार आहे आणि ते कोणी तुला सांगू शकत नाहीये, एवढाच अर्थ निघतो. पहिल्याच दिवशी, पहिल्या पाच मिनिटांत निघतो.

तू काय केलंस? डेटाबेसच्या सेटिंगमध्ये "नेटवर्क पॅकेट साइझ" हे शब्द दिसले आणि तिथे हात घातलास. एसक्यूएल सर्व्हरमध्ये तो आकडा मुळात ४०९६ असतो. तू तो थेट कमाल मर्यादेवर, ३२७६७ वर नेलास. मोठं पॅकेट अडकतंय ही तक्रार, आणि तू पॅकेट आणखी मोठं केलंस! शिवाय कूटबद्ध जोडणीत हा आकडा १६३८३ च्या वर चालत नाही, हे त्याच्या कागदपत्रांत लिहिलेलं आहे. ते पान तू उघडलंसही नाहीस.

आणि मुळात ते पॅकेट वेगळं. डेटाबेस ज्याला पॅकेट म्हणतो ते त्याच्या घरातलं मोजमाप आहे. ४०९६ बाइटचं ते पॅकेट टीसीपीच्या हातात पडलं की त्याचे १४६०-१४६० चे तुकडे होतात, म्हणजे तीन खेपा. वाटेवरच्या दाराला डेटाबेसचा आकडा कधी दिसतच नाही. मायएसक्यूएलमध्ये आणखी तिसरंच पॅकेट आहे. त्याची कमाल मर्यादा मेगाबाइटमध्ये मोजतात, आणि तो आकडा कमी पडला तर सर्व्हर स्पष्ट शब्दांत चूक दाखवतो, चकती फिरवत ठेवत नाही. एकच शब्द तीन ठिकाणी तीन अर्थांनी येतो. तुमच्या वर्गाला मी पहिल्या सत्रातच सांगितलं होतं की कोणताही आकडा बदलण्याआधी तो कोणत्या थरावरचा आहे हे विचारा. तू शब्द पाहिलास, थर पाहिला नाहीस.

एवढ्यानं भागलं नाही, म्हणून नेटवर्क कार्डाचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचं कमाल माप, १५०० वरून ९००० केलास. कोणीतरी सांगितलं, जम्बो फ्रेमनं वेग वाढतो. वाढतो, पण कधी? वाटेतला प्रत्येक स्विच आणि प्रत्येक कार्ड तेवढं मोठं माप घेणारं असेल तेव्हा. एका खोलीतल्या साठवणुकीच्या जाळ्यात ते शोभतं. दरेकसाच्या वाटेवर त्याचं काय काम? आणि तुला बदल काहीच दिसला नाही, कारण टीसीपी जोडणीच्या सुरुवातीलाच दोन्ही बाजू आपापली मर्यादा सांगतात आणि पाठवणारा समोरच्याच्या मर्यादेत राहतो. केंद्रातला संगणक १४६० म्हणाला, तुझा सर्व्हर १४६० वर आला. तुझ्या ९००० ला तिथे कोणी विचारलं नाही. पण शेजारच्या बॅकअप सर्व्हरलाही तू ९००० दिलास ना? त्या दोघांनी एकमेकांना मोठं माप सांगितलं, मधला साधा स्विच १५०० चा, आणि स्विच तर काही न बोलता मोठी फ्रेम टाकून देतो. तेव्हापासून रात्रीचा बॅकअप बंद आहे. हे तुला माहीत होतं? नव्हतं. मला नोंदी पाहताना काल दिसलं. अकरा दिवसांतल्या सात रात्री त्या सगळ्या कागदांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. एक रोग बरा करायला गेलास आणि दुसरा लावून ठेवलास.

आता नीट ऐक. हे तुला शिकवलेलं आहे, तरी पुन्हा सांगतो, कारण तू आकडे पाठ केलेस आणि अर्थ सोडून दिलास.

तू धान पिकवणाऱ्या घरातला आहेस. खरेदी केंद्रावर कट्टा काट्यावर चढतो तेव्हा तुझा बाप काय पाहतो? धान किती आणि बारदाना किती. काट्याला दोन्हींचं वजन दिसतं, पैसे मात्र धानाचे मिळतात. पॅकेटचंही तेच आहे. इथरनेटचा कट्टा १५०० बाइटचा. १९८० साली इथरनेटचं पहिलं मानक छापलं गेलं तेव्हापासूनचं ते माप आहे. त्यात आयपीचं बारदान २० बाइट, टीसीपीचं २०. उरलं १४६०, ते तुझं धान. आता फायबरची जोडणी पीपीपीओईनं होत असेल तर तिचं बारदान ८ बाइट, म्हणजे कट्टा १४९२ चाच घ्यावा लागतो. त्यावर व्हीपीएन. व्हीपीएन म्हणजे भरलेल्या कट्ट्याला वरून दुसरा बारदाना चढवून शिवणं. त्या शिवणीचंही वजन असतं, म्हणून व्हीपीएन बांधणारा हाताशी थोडी जागा ठेवतो आणि त्या बोगद्याचा एमटीयू १४०० लावतो. तुझ्या वाटेवरचा आकडा तोच आहे. तुझा सर्व्हर १५०० चा कट्टा भरून पाठवत राहिला, दार १४०० चं.

बोगदा म्हणालो, तर दरेकसाचाच बोगदा आठव. हावडा-मुंबई मार्गावर सालेकसा सोडलं की दरेकसा येतं, आणि पुढे हद्द ओलांडून डोंगरगडकडे जाताना गाडी डोंगरात शिरते. लहानपणापासून त्या गाडीत बसला आहेस. मालगाडी नागपूरला भरली काय किंवा आणखी कुठे, भरणाऱ्याला त्या डोंगरातलं माप पाळावंच लागतं. त्यासाठी मालधक्क्यावर लोखंडी चौकट उभारायची पद्धत होती: भरलेली वाघीण तिच्याखालून सरकवायची, घासली तर माल उतरवायचा. मापाबाहेरचा माल असेल तर रेल्वे त्याला ओडीसी म्हणते, आणि वाटेवरचा प्रत्येक पूल, फलाट, बोगदा यांच्या मापांशी ताडून पाहिल्याशिवाय तो हलवत नाही. रेल्वेचा साधा कारकूनसुद्धा गाडी सोडण्याआधी वाट मोजतो. तू सर्व्हरचा प्रमुख म्हणवतोस आणि मोजत नाहीस!

तू म्हणशील, पॅकेट मोठं असेल तर राउटरनं तुकडे करावेत. जुनी सोय आहे ती. गोंदियाला एके काळी नॅरोगेज आणि ब्रॉडगेज असे दोन्ही रूळ होते. जबलपूर-बालाघाटकडून छोट्या गाडीनं आलेला माल गोंदियाला हमालांनी उतरवायचा आणि मोठ्या गाडीत भरायचा. वेळ जायचा, मजुरी जायची, पोती फुटायची. पॅकेटचे तुकडे करणं तसंच आहे, आणि एक तुकडा हरवला की बाकीचे सगळे फुकट. म्हणून आजचे सर्व्हर पॅकेटवर खूण करून पाठवतात: तुकडे करू नका. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत तर वाटेतल्या राउटरला तुकडे करायची मुभाच नाही.

मग अरुंद दार आल्यावर काय होतं? दाराच्या अलीकडचा राउटर पॅकेट टाकून देतो, पण गुपचूप टाकत नाही. पाठवणाऱ्याला उलट चिठ्ठी लिहितो: तुझं पॅकेट मोठं आहे, तुकडे करायला तू मनाई केली आहेस, पुढचं दार १४०० चं आहे. आकडासुद्धा त्या चिठ्ठीवर असतो. जेफ्री मोगल आणि स्टीव्ह डीअरिंग या दोघांनी १९९० च्या नोव्हेंबरमध्ये आरएफसी ११९१ मध्ये ही रीत मांडली. चिठ्ठी पोचली की सर्व्हर स्वतःच कट्टा लहान करतो. कोणाला कसलाही आकडा बदलावा लागत नाही. ती चिठ्ठी म्हणजे आयसीएमपीचा निरोप: प्रकार ३, उपप्रकार ४.

आणि तू फायरवॉलमध्ये काय लिहून ठेवलं होतंस? पिंग तेवढा चालू, बाकी सगळं आयसीएमपी बंद. का, तर सुरक्षितता! कोणत्या धोक्यापासून सुरक्षितता, सांग मला. तुला ठाऊक नाही. कुठल्यातरी यादीत वाचलंस आणि उतरवून काढलंस. तेव्हापासून वाटेवरचा राउटर चिठ्ठी पाठवतोय आणि तुझ्या दारात ती फाडली जातेय. सर्व्हर पुन्हा तोच १५०० चा कट्टा पाठवतो, थांबतो, पुन्हा तोच पाठवतो. केंद्रात चकती फिरत राहते. या रोगाला नावही आहे, कृष्णविवर. २००० साली आरएफसी २९२३ मध्ये त्याची लक्षणं, कारणं, उपाय सगळं लिहून ठेवलं आहे. तुझ्या जन्माच्या आसपास छापलेलं निदान तुला अकरा दिवसांत सापडलं नाही.

म्हणून म्हणतो, दरेकसाला दोष देण्याआधी हजारदा विचार करायला हवा होतास. त्या वाटेवरून तुला सांगितलं जात होतं, आकड्यासकट सांगितलं जात होतं. दार तू लावलं होतंस. काठावरच्या गावाकडून तक्रार आली की तालुक्याच्या, जिल्ह्याच्या खुर्चीत बसलेला माणूस पहिल्यांदा गावालाच दोष देतो: तिकडे जंगल आहे, तिकडच्या लोकांना समजत नाही, तिकडची लाईन तशीच. ही सवय मी तीस वर्षं पाहतोय. मला वाटलं होतं, आपल्याच मातीतलं पोर त्या खुर्चीत बसेल तेव्हा ती मोडेल. तूही तीच भाषा बोललास. केंद्रातल्या पोरीनं तुला सांगितलं होतं की छोटी फाईल येते आणि मोठी येत नाही. अर्धं निदान तिनं करून दिलं होतं! तू तिचं वाक्य पुरतं ऐकून घेतलंस?

आता काल मी काय केलं ते पाहा, आणि हे करायला किती वेळ लागला तेही लिहून घे.

आधी ९००० चे दोन्ही सर्व्हर १५०० वर आणले. मग सर्व्हरवरून दरेकसाच्या संगणकाला पिंग केला, पण तुझ्यासारखा रिकामा नव्हे. रिकामा पिंग ५६ बाइटचा असतो, तो सशाच्या बिळातूनही जाईल. "तुकडे करू नको" ही खूण लावली आणि वजन दिलं १४७२. का १४७२? त्यात आयसीएमपीचं बारदान ८ आणि आयपीचं २०, मिळून बरोबर १५००. उत्तर नाही. शांतता. इथेच तुला कळायला हवं होतं, कारण निरोगी वाटेवर शांतता नसते, चिठ्ठी येते. मग १३०० दिले, गेले. १४०० दिले, अडकले. १३५० गेले. असं मध्यावर मध्य गाठत आलो: १३७२ गेले, १३७३ अडकले. १३७२ आणि २८, झाले १४००. अरुंद दाराचं माप हाती आलं. चहा निवण्याआधी आलं.

मग फायरवॉलमध्ये तो एक निरोप आत येऊ दिला. फक्त तेवढाच, सगळं दार उघडं टाकलं नाही. पुन्हा १४७२ चा पिंग केला. या वेळी उत्तर आलं: तुकडे करावे लागतील, एमटीयू १४००. अकरा दिवस दाराबाहेर उभी असलेली चिठ्ठी आत आली. केंद्रात फोन केला, म्हटलं, आता फाईल मागव. आली.

त्यानंतर व्हीपीएनच्या राउटरवर दुसरा बंदोबस्त केला. टीसीपी जोडणी होताना जी मर्यादा सांगितली जाते, ती तिथेच १३६० ला बांधून टाकली: १४०० वजा ४०. म्हणजे उद्या कोणी अर्धवट शहाण्यानं पुन्हा ती चिठ्ठी अडवली, तरी टीसीपीचे कट्टे लहानच भरले जातील. टीसीपीबाहेरची वाहतूक यानं सुटत नाही, म्हणून चिठ्ठीची वाट उघडी राहिलीच पाहिजे. हे दोन्ही उपाय हवेत, एकावर भागवू नकोस. आयपीची सहावी आवृत्ती सुरू कराल तेव्हा तर हा निरोप अडवणं म्हणजे जाळंच बंद पाडणं. तिथे प्रत्येक वाटेला किमान १२८० बाइट न्यावेच लागतात, त्यावरचं सगळं या निरोपाच्या भरवशावर चालतं.

डेटाबेसचा आकडा ४०९६ वर परत आणला. रात्रीचा बॅकअप चालू झाला. सकाळी तपासला, पूर्ण होता.

एवढं होऊनही एक गोष्ट मला लागली आहे, ती सांगतो. जुने आकडे काय होते हे शोधायला मला दीड तास लागला, कारण तू कुठेच काही लिहून ठेवलं नव्हतंस. एका दिवसात तीन ठिकाणी हात घातलास, मग काय केल्यानं काय झालं हे तुला तरी कसं कळणार? डॉक्टर रोग्याला तीन औषधं एकदम देऊन वर नावही लिहीत नाही, असं चालेल का? एका वेळी एक बदल. बदलाआधी जुना आकडा, तारीख, कारण. बदलानंतर मोजमाप. गुण आला नाही तर आकडा मूळ जागी. कामातला निम्मा प्रामाणिकपणा या चार ओळींत असतो. उद्या तू दुसरीकडे जाशील, तुझ्या जागी दुसरं पोर येईल. त्याच्या हाती काय देणार आहेस, कोडं?

मी तुला बुद्धीनं कमी कधीच समजलो नाही. वर्गात सबनेटचं गणित तू फळ्यावर माझ्याआधी सोडवायचास. म्हणूनच बोलतोय. ज्याला येत नाही त्याला शिकवावं लागतं. ज्याला येतं आणि जो करत नाही, त्याला असं उभं करावं लागतं. तुझा सर्व्हर त्या खोलीत असला तरी त्याचं दुसरं टोक दरेकसाच्या बाकावर बसलेल्या म्हातारीच्या हातात आहे. त्या टोकापर्यंत तुझं काम पोचलं नाही तर ते झालंच नाही.

आता काय करायचं ते ऐक. उद्या सकाळच्या पॅसेंजरनं दरेकसाला जायचं. बोगद्यापर्यंत जायची गरज नाही, स्टेशनवर उतरायचं आणि केंद्रात जायचं. तिकडच्या संगणकावरून सर्व्हरकडे तेच मोजमाप करायचं, कारण जायची आणि यायची वाट एकच असेल असं गृहीत धरायचं नसतं. आकडे वहीत लिहायचे. केंद्रातल्या त्या पोरीला शेजारी बसवून मोजायला शिकवायचं, म्हणजे पुढच्या वेळी ती तुला आकडा सांगेल आणि तुला तो नाकारता येणार नाही. तू तिला जे वाक्य बोललास ते तिच्यासमोर परत घ्यायचं, स्पष्ट शब्दांत. अकरा दिवसांत कोणाकोणाचे दाखले अडकले त्याची यादी तिच्याकडून घ्यायची, सगळे छापायचे, आणि जे तीनदा येऊन गेले त्यांना चौथ्यांदा बोलवायचं नाही. टोल्यावर तू जायचं.

परवा संध्याकाळी ती वही घेऊन माझ्याकडे ये. आत्ता विचारलेले तीन प्रश्न मी पुन्हा विचारीन. तेव्हा बस म्हणेन.